धोंड्याच्या महिन्यातले दिवे

धोंड्याच्या महिन्यात जावयाला दिवा द्यायचा असतो. लोक चांदीचं निरांजन देतात आणि ते कपाटात काळं पडत बसतं. मी परळीत तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवतोय. मी कशाला निरांजन देऊ? जावयाच्या, म्हणजे युवराजच्या गाडीला मी दोन्ही अंगांना दोन-दोन मार्कर लाइट बसवून दिले. चाकाच्या वरच्या बाजूला लागणारे छोटे पिवळे दिवे, अंधारात गाडी किती लांब आहे ते कळावं म्हणून. वर तेहेतीस अनारसे. जावई खूश झाला. माझी बायको गंगासागर नाखूश होती, पण तिला विचारतंय कोण!

त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. मी दिव्यांच्या कडेनं सिलिकॉन ओढलं आणि प्रत्येकाच्या तळाला जे बारीक भोक असतं, तेही बुजवून टाकलं. परळीच्या माणसाला भोक दिसलं की हात शिवशिवतात. आमच्याकडे वीजकेंद्राची राख कुठून शिरेल सांगता येत नाही.

माझी मुलगी रोहिणी शेजारी उभी होती. लग्नाआधी सहा वर्षं ती माझ्याच दुकानात काम करायची, आणि खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा साफ. ती म्हणाली, "आण्णा, ते भोक ऱ्हाऊ द्या. आतली वाफ तिथूनच निघती. अन् आज हवा बी वली हाय."

"तू मला शिकवू नको," मी खेकसलो. जावयासमोर खेकसलो, हे विशेष.

आठ दिवसांनी तेलगावहून युवराजचा फोन आला. "मामा, दिव्यांत वाफ धरलीय. आत थेंब दिसायलेत."

मी तडक तेलगावला गेलो. गाडी धुताना पाण्याचा जोर कमी ठेवता येत नाही का, म्हणून युवराजला झापलं, आणि चारही दिव्यांवर सिलिकॉनचा दुसरा हात मारला. रोहिणीचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. तेलगावच्या फाट्यावर तिच्या सासूबाईंचा, साखराबाईंचा, एक गाळा रिकामा होता. रोहिणीला तिथं वायरिंगचं दुकान टाकायचं होतं. उसाचे ट्रॅक्टर, जीपा, सगळी गाडी-घोडी तिथूनच जातात. पण एक खतवालाही तो गाळा मागत होता, आणि साखराबाई रविवारी काय ते ठरवणार होत्या.

रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "इवाई, या जरा."

ऊन पडलं होतं. साखराबाई ओट्यावर बसल्या होत्या. गाडी अंगणात होती. डाव्या अंगाचे दोन्ही दिवे स्वच्छ, आणि उजव्या अंगाचे दोन्ही भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखे आतून ओलेगच्च.

"तुमचा हात तो तुमचाच हात," साखराबाई म्हणाल्या. "तुमी केलेले डावीकडचे बघा कसे लख्ख हायेत. उजवीकडच्यांला आमच्या सूनबाईनं हात लावला अन् वाटोळं केलं. मी सोता बघितलंय तिला गाडीजवळ बसून दिवे खोलताना. आता तुमीच सांगा, हिच्या भरवशावर गाळा कसा द्यावा?"

मी वाकून पाहिलं. डाव्या दिव्यांचं तळाचं भोक मोकळं होतं, धूळ जाऊ नये म्हणून त्यात स्पंजचा इवलासा तुकडा होता. कडेचं सिलिकॉन दोऱ्याएवढं बारीक. असं बारीक सिलिकॉन मी जन्मात ओढलेलं नाही. उजवीकडे माझे दोन जाड थर जसेच्या तसे होते, वर माझ्या अंगठ्याचा ठसा.

रोहिणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि फरशीकडे बघत होती. डावीकडचे तिनं दुरुस्त केले होते, उजवीकडचे अजून व्हायचे होते. सासूला खरं सांगितलं असतं तर बापाची नाचक्की झाली असती, म्हणून ती गप्प राहिली होती.

एक कबूल करतो. आधी मला बरं वाटलं. विहीणबाईंनी याआधी माझं कौतुक कधी केलं नव्हतं. मी चहाचा एक घोटसुद्धा घेतला. मग ट्रे धरलेल्या रोहिणीच्या बोटाकडे लक्ष गेलं. नखाशी सिलिकॉन वाळून बसलं होतं. मी कप परत ट्रेमध्ये ठेवला.

"विहीणबाई, तुमचं चुकलं," मी म्हणालो. आवाज नेहमीप्रमाणे चढलाच. "लख्ख हायेत ते हिनं केलेत. वाटोळं मी केलंय, अन् ते बी दोनदा. हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई."

युवराज माझ्याकडे बघतच राहिला. साखराबाईंनी चष्मा लावला आणि त्या उठून दोन्ही बाजू नीट पाहून आल्या.

"मंग ही बोलली कावून न्हाई?"

"बापाची लाज राखत व्हती."

साखराबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तोंडाला पदर लावून त्या अशा हसल्या की रोहिणीलाही हसू आवरेना. "गाळा हिचा," त्या म्हणाल्या. "पण उजवीकडचे दिवे आत्ता माज्यासमोर नीट व्हायला पाहिजेत. तिनं करायचे. इवाई, तुमी हत्यारं द्या."

मी हत्यारं दिली. रोहिणीनं माझे दोन्ही थर खरवडून काढले, दिवे खोलले, आतलं पाणी पुसलं आणि काचा ओट्यावर उन्हात फडक्यावर ठेवल्या. दहा मिनिटं झाली. मी सिलिकॉनची नळी उचलली.

"आण्णा, ठिवा ती खाली. आतून पुरतं वाळल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

तीस वर्षांत मला असं कुणी बोललेलं नाही. सवयीनं डोकं तापलंच. पण रोहिणीनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. काचांवर नजर ठेवून, सासूसमोर, दुकानाची मालकीण बोलते तशी ती बोलली होती. माझे डोळे भरून आले. मी नळी खाली ठेवली आणि ओट्यावर मुकाट बसून राहिलो, ती सांगेपर्यंत.