भिंतीकडची हरळी

"जमिनीत हरळी आहे का?" दुकानदाराने विचारलं.

पायलटनी लाल रोटाव्हेटरवरचा हात काढला नाही. उभा जन्म त्यांनी शहर बस चालवली होती, पण सीटवर बसायचा थाट असा की आता गाडी आकाशात नेणार. म्हणून डेपोत पायलट हे नाव पडलं, आणि निवृत्तीनंतर ते हारासोबत घरीही आलं. घरी बसून करमेना तेव्हा त्यांनी छोटा ट्रॅक्टर घेतला. आता त्याच्यामागे काय जोडायचं, ते ठरवायला ते दुकानात आले होते.

"नांगर नको म्हणालात ते बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. "तुमचा ट्रॅक्टर ओढेल, पण मागे ढेकळं राहतील. ती फोडायला पुन्हा दुसरं औजार. रोटाव्हेटर एका फेरीत माती भुसभुशीत करतो. पण हरळी असली तर याच्या नादी लागू नका. तो मुळ्यांचे तुकडे करतो, आणि जितके तुकडे तितकी नवी रोपं. मग हा फणांचा कल्टिव्हेटर बरा. मुळ्या वर ओढतो, आपण वेचायच्या, उन्हात वाळवायच्या. वेळखाऊ काम, पण खात्रीचं."

कल्टिव्हेटर म्हणजे लोखंडी चौकटीला लावलेले वाकडे फण. कुणाला कौतुकानं दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

घरच्या बागेत भिंतीकडच्या बाजूला कसलंसं गवत आहे, हे पायलटना माहीत होतं. "तिकडे पाय देऊ नका, चपलेला लागून येतं," असं बायको एकदा म्हणाली होती. ती हरळी की आणखी काही, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाग बायकोची. पायलटचा बागेशी संबंध ताटातल्या शेंगांपुरता.

"घरी फोन करून विचारा ना," दुकानदार म्हणाला.

काउंटरपाशी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोघं शेतकरी, रापलेल्या हातांचे. त्यांच्यादेखत बायकोला फोन लावायचा आणि आपल्याच जमिनीत काय उगवतं ते विचारायचं?

"त्यात काय विचारायचं," पायलट म्हणाले. "हरळी वगैरे काही नाही."

बायको तेव्हा लेकीकडे गेली होती. लेकीचा पाय मोडला होता आणि घर सांभाळायला कुणी नव्हतं. जाताना ती म्हणाली होती, "आल्यावर खणायला घेते. यंदा कंबर साथ देईल की नाही कोण जाणे." ते वाक्य पायलटनी मनात जपून ठेवलं होतं. ती परत यायच्या आत सगळी बाग तयार करून ठेवायची, दारातच तिला थक्क करायचं, असा त्यांचा बेत होता. बेत प्रेमाचा होता, हे नाकारून चालणार नाही. पण त्या प्रेमात थोडी पायलटगिरीही मिसळलेली होती.

रोटाव्हेटर खरोखरच गुणाचा निघाला. मागे वळून पाहावं तो माती चाळून टाकल्यासारखी. बायकोनं वर्षानुवर्षं पालापाचोळा घालून उंच केलेले वाफे होते, मधून पायवाटा होत्या. पायलटनी सगळं एकसारखं केलं. भिंतीपासून चार हातांवर एक अडचण आली. तिथं जमिनीत पत्र्याच्या पट्ट्या उभ्या पुरलेल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुने डबे उघडून, ठोकून सरळ केलेल्या. पात्यांना लागतील म्हणून त्यांनी त्या एकेक करून उपटल्या. हातभर खोल होत्या, घाम निघाला. 'हिचं आपलं काहीतरीच,' असं पुटपुटत त्यांनी पत्रे भंगारात टाकले आणि भिंतीपर्यंत ट्रॅक्टर नेला. मग एवढी छान बाग झालीच आहे तर आणखी एक आडवी फेरी मारली.

बायको आली. हातातली पिशवीही खाली न ठेवता ती बागेच्या कडेला उभी राहिली. वाकून मूठभर माती घेतली.

"किती मऊ झालीय हो," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलंत?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?" पायलट छाती काढून म्हणाले.

ती हसली. मग तिची नजर भिंतीकडे गेली.

"पत्रे कुठं आहेत?"

"काढले. पात्यांना लागत होते."

"बरं," ती म्हणाली, आणि माती हळूच खाली सोडून आत गेली. प्रवासानं दमली असेल, असं पायलटना वाटलं.

तिनं घेवडा लावला, कांद्याची रोपं लावली. काही दिवसांनी सकाळी पायलट पाणी घालायला गेले, तर सगळीकडे हिरवे कोंब. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच हाक मारली.

"अगं, उगवलं बघ. सगळंच्या सगळं उगवलं."

बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली. पाहत राहिली.

"ते घेवड्याचं नाही," ती म्हणाली. "हरळी आहे."

पायलटना दुकानदाराचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. चांगलं करायला गेलो आणि आपल्याच हातानं हिच्या पायावर धोंडा मारला, हे त्यांना कळून चुकलं.

त्यानंतर बायको रोज खुरपं घेऊन बसायची. समोरचं उपटेपर्यंत मागचं वर यायचं. जिची कंबर वाचवायची म्हणून एवढा खटाटोप केला, ती आता पूर्वीपेक्षा जास्त वाकत होती. पायलटही शेजारी बसायचे, पण त्यांच्या हातात नुसती पाती यायची, मुळी खालीच राहायची. त्यांनी तोडलेल्या जागी ती स्वतः पुन्हा खुरपं घालायची. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

एकदा शेजारीण कुंपणाशी आली. तिच्या घरचा घेवडाही याच बागेतून जायचा.

"काय गं हे? पायलटसाहेबांनी विमान उतरवलं वाटतं बागेत."

"छे, त्यांना कशाला नावं ठेवतेस," बायको म्हणाली. "पत्रे काढा, असं मीच सांगितलं होतं. माझाच अंदाज चुकला."

पायलट नळाशी हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला नाही, नुसते उभे राहिले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

शेजारीण गेल्यावर ते बायकोपाशी येऊन बसले.

"दुकानदारानं विचारलं होतं," ते म्हणाले. "हरळी आहे का म्हणून. मी नाही म्हणून सांगितलं."

तिचं खुरपं थांबलं. "माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नीटसं नव्हतं. फोन कर म्हणाला तो. केला नाही."

"का?"

"दुकानात माणसं होती."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"पत्र्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, चुकून झालं," ती म्हणाली. "चुकलं माकलं माणूस सोडून देतो. या घरात आले तेव्हा इथं हरळीशिवाय काही नव्हतं हो. मुळी मुळी वेचत ती मी भिंतीपर्यंत मागे नेली होती, परत पसरू नये म्हणून पत्रे पुरले होते. लेक पाठीला बांधलेली असायची. तुम्ही ड्यूटीवर असायचात."

"चुकलं माझं," पायलट म्हणाले. "तो कल्टिव्हेटर आणतो. मुळ्या मी वेचतो, सगळ्या. तू नुसतं सांग."

"वर्षं लागतात त्याला. तेव्हा मी तिशीची होते."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. आत जाऊन सुतळीचं बंडल, हातोडी आणि खुंट्या घेऊन आली. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक खुंटी ठोकली, सुतळीचं टोक तिला बांधलं आणि बंडल, हातोडी व दुसरी खुंटी त्यांच्या हातात दिली.

"सोडत जा मागे," ती म्हणाली.

पायलट सुतळी सोडत मागे जाऊ लागले. थोडेच गेले असतील.

"थांबा. तिथंच."

"अगं, अजून जागा आहे. थोडं मागे घेतो."

"नको," बायको म्हणाली. "एवढंच होईल आता माझ्याकडून."

पायलटनी सुतळी ताणून धरली. मग जिथं होते तिथंच खाली बसले आणि खुंटी ठोकू लागले. त्यांच्या पाठीमागे भिंतीपर्यंत सगळं हिरवंगार होतं.