अंगणातला धुरा

पुसेगावचं लग्न आटोपून संतराम साखऱ्याला परतला तेव्हा दुपार कलली होती. आठवडाभर सासुरवाडीचं तेलकट खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं, आणि पोट बिघडलं की डोकं बिघडायला त्याला वेगळं कारण लागत नसे. जीपमधून उतरून त्याने पिशव्या बायकोच्या, रुख्मिणीबाईच्या हातात दिल्या आणि पुढे झाला. घरातून हातोड्याचे ठोके येत होते. त्याने दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबला.

अंगणाच्या बरोबर मधोमध, ओसरीच्या पायरीपासून समोरच्या न्हाणीपर्यंत, लाकडाची एक सरळ ओळ जमिनीत गाडलेली होती. काळं ऑइल पाजलेल्या फळ्या, टोकाला टोक लावून बसवलेल्या, वीतभर वर निघालेल्या. आधाराला मागून लोखंडी सळया ठोकलेल्या. ओळीच्या एका अंगाला संतरामच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावाच्या, वैजनाथच्या. न्हाणीजवळ खुंटीला अजून सूत ताणलेलं होतं आणि वैजनाथ उकिडवा बसून शेवटची सळई ठोकत होता.

गावात सूत ताणून खुंट्या ठोकतात ते एकाच कामासाठी. जमीन मोजायची आणि तोडायची. हे शेंबड्या पोरालाही कळतं. संतरामला दुसरं काही सुचायला जागाच नव्हती.

तसा तो मागच्या पोळ्यापासून धुमसतच होता. वैजनाथ हिंगोलीला एका शाळेत कारकून. पोळ्याला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "दादा, शेताचं एकदा कागदावर वाटून घेऊ. उद्या लेकरांची भांडणं नको." संतरामने त्यातलं 'वाटून' तेवढं घेतलं आणि ताट सरकवून उठला. तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता. काही सांगायचंच झालं तर दोघंही मायला सांगत, आणि माय ज्याचं त्याला पोचवी. आता मे महिन्याच्या सुट्टीत वैजनाथ बायकोला, साधनाला घेऊन घरी आला होता. संतराम लग्नाला गेला तोही त्याला न सांगता.

एवढा राग का, ते त्यांच्या बापाच्या गोष्टीशिवाय समजणार नाही. त्या भागात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. बापाच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या, देवलाच्या शेतामधल्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. एका साली बापाला वाटलं की देवलाने धुरा फोडला. विचारायला म्हणून तो कुऱ्हाड घेऊन गेला आणि न विचारताच परतला. देवला त्या बाभळीखालीच मेला. बाप जेलात गेला, सुटून आला तो म्हातारा होऊन. मायने, मनकर्णाबाईने दोन्ही पोरं एकटीने वाढवली आणि त्यांना एकच गोष्ट पाठ करायला लावली, "माझ्या घरात रेघ ओढायची न्हाई." संतरामने मायच्या पायावर हात ठेवून तशी आण घेतली होती. त्या आणेवरच तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

आता खाली पडलेल्या ताज्या कपच्यांच्या रंगावरून त्याला लाकूडही ओळखू आलं. मागच्या वादळात धुऱ्यावरची तीच बाभूळ पडली होती. तिचे ओंडके गोठ्यामागे तसेच लोळत होते, चुलीलासुद्धा कोणी लावत नव्हतं. या कारकुनाने ते आरागिरणीत नेऊन चिरून आणले होते. ज्या झाडाखाली खून पडला त्याच झाडाचा धुरा घरात! त्यावर कळस म्हणजे फळ्यांच्या एका कडेला त्याने हरळी लावली होती. शेतकऱ्याची जी हरळी खणता खणता कंबर मोडते, ती या शहाण्याने मुळासकट आणून, पाणी घालून, अंगणात जोपासली होती. हिंगोलीत तिला लॉन म्हणतात.

संतरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीला पहार टेकलेली होती. ती त्याने उचलली, ओळीच्या मधल्या फळीखाली घातली आणि अंगाचा भार टाकला. फळी करकरत वर आली. त्याने ती भिरकावली, दुसरीही उपटली आणि तिसरीखाली पहार घातली.

"दादा!" वैजनाथ ओरडत धावला. "अरे, काय करून राहिला? ऐक तं!"

"काय ऐकू? माय जित्ती हाय अजून, आन् तू घर चिरून राहिला व्हय रे?"

"घर कोण चिरून राहिलं? सोड ते. दोन मिन्टं थांब, तुला—"

संतरामने उलट्या हाताची थोबाडीत दिली. खरं तर तिथंच सगळं मिटलं असतं, वैजनाथने एक वाक्य पुरं केलं असतं तर. पण तोही त्याच बापाचा. गालावर वळ उठला आणि सांगायचं ते राहूनच गेलं. दातओठ खात तो उरलेल्या फळीवर आडवा पडला आणि दोन्ही हातांनी ती आवळून धरली.

"हात लावू नको याला. सांगून ठेवतो. एक बी फळी हलली तं मी कोणाचा न्हाई!"

"तू कवा कोणाचा व्हता?" संतराम म्हणाला आणि त्याने पहार मारली.

खोटं कशाला बोला, नेम लाकडाचा नव्हता. पहार वैजनाथच्या उजव्या मनगटावर बसली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. वैजनाथने किंकाळी फोडली आणि डाव्या हाताने पडलेला हातोडा उचलून भावाच्या गुडघ्यावर हाणला. संतराम कोसळला, तो त्याच्या अंगावरच. मग दोघं हरळीत लोळले. पन्नाशीतला एक, पंचेचाळिशीतला एक, आणि चावत होते, डोळ्यांत बोटं घालत होते, एकमेकांच्या आईवरून शिव्या देत होते. आई एकच आहे याची त्या वेळी दोघांनाही शुद्ध नव्हती. वैजनाथचा दात पडला. संतरामचा कान फाटून रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं.

साधना घरातून धावत आली, हातात तेलाची वाटी तशीच. "दादा, सोडा त्यायला! अवो, मरतील ते! दादा, तुमाला माहीत न्हाई, आत्याबाईसाठी—" ती थोरल्या दिराला मागे ओढू लागली, पण संतरामने तिला कोपराने ढकलली आणि ती रुख्मिणीबाईच्या अंगावर जाऊन आदळली. शेजारचा हरिचंद भिंतीवरून डोकावला, त्याने सगळं पाहिलं आणि जीप बोलवायला पळाला. एवढी अक्कल त्याने दाखवली.

संतराम आता भावाच्या छातीवर बसला होता. पहार पुन्हा त्याच्या हातात आली होती आणि त्याने ती दोन्ही हातांनी वर उचलली होती. ती खाली आली असती. त्याला स्वतःलाही नंतर याबद्दल कधी शंका आली नाही.

"संत्या आला व्हय?"

ओसरीच्या पायरीवर मनकर्णाबाई उभी होती. नवं हिरवं लुगडं, अर्धेच विंचरलेले पांढरे केस, आणि तोंडभर हसू.

मनकर्णाबाईची नजर काचबिंदूने नेली त्याला दोन वर्षं झाली होती. कानही जेमतेम, जवळ येऊन ओरडलं तरच शब्द पोचत, लांबून नुसता आवाज. जिने जन्मात कोणाचा हात धरला नव्हता, तिला आता न्हाणीत जायलासुद्धा कोणाचा तरी हात लागे, आणि ते तिला मरणाहून वाईट वाटे. रोज पहाटे संतरामच तिला धरून नेई. ही सेवा त्याने कोणाला करू दिली नव्हती, आणि आपल्या हातावर माय चालते याचा त्याला मनातून मोठा अभिमान होता. लग्नाला निघतानाही त्याला तीच एक काळजी होती.

आज मायच्या हातात काठी नव्हती. जवळ कोणी नव्हतं.

"साधनानं सांगितलं तू आज येणार म्हून. तिथंच थांब संत्या. कोणी मला धरायचं न्हाई. पाह्य, कशी येते ती."

तिने पायरीवरून पाय खाली सोडला. अनवाणी पाऊल लाकडाच्या कडेला लागलं, कडेवरून अलगद फिरलं, आणि ती चालू लागली. डावा पाय लाकडाला घासत, उजवा हरळीवर टाकत. मान ताठ. अंगणात एकटी, सरळ, न्हाणीच्या दिशेने.

संतरामच्या डोक्यात सगळं एकदमच उजेडात आलं. ओळ पायरीपासून न्हाणीपर्यंतच का होती. हरळी एकाच अंगाला का होती. घसरू नये, पायाला खडा टोचू नये, चिखल लागू नये म्हणून. आणि मग त्याने पुढे पाहिलं. मधल्या फळ्या त्याने उपटल्या होत्या. तिथं उघडा चर होता आणि चरातून सळया वर आलेल्या होत्या.

"माय, थांब!" त्याच्याखाली दबलेला वैजनाथ रक्ताच्या तोंडाने ओरडला.

"माय! थांब माय!" संतराम ओरडला.

तिला पोरांचे आवाज ऐकू आले, शब्द नाही आले. आपलं कौतुक चाललंय असं तिला वाटलं असावं. ती हसली आणि तिने पाय आणखी उचलून टाकला. संतराम उठला, पण फुटलेला गुडघा त्याच्याखालीच मुडपला. तो हातांवर रांगत सुटला. मायचं डावं पाऊल लाकूड शोधत पुढे गेलं. लाकूड नव्हतं. पाऊल चरात गेलं, कंबर पिळली गेली आणि ती आडवी पडली. खुब्याचं हाड मोडलं ते तिच्या तोंडावर दिसलं. कपाळ सळईवर घासून भुवईपासून केसांपर्यंत फाटलं. नव्या लुगड्याचा पदर पाहता पाहता लाल झाला.

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. ती रडली नाही. हाताने जमीन चाचपत होती, चराची कड, मोकळी सळई, पुन्हा चराची कड.

"वैजा," ती म्हणाली, "इथं तं लाकूड व्हतं. सकाळी व्हतं. कुठं गेलं?"

वैजनाथ मोडलेला हात छातीशी धरून तिच्या कानाशी वाकला. "मीच काढलं, माय. वाकडं बसलं व्हतं. सांगायचं राहून गेलं."

संतराम हे ऐकून हादरला. ज्या तोंडाचा दात त्याने पाडला होता ते तोंड त्याला वाचवत होतं. त्याला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलून राहिला तो!" तो मायच्या कानाशी ओरडला. "मी उपटलं, माय. मला वाटलं धुरा घातला यानं. याचा हात बी मीच मोडला."

मनकर्णाबाईचा चाचपणारा हात थांबला. रक्त तिच्या मिटलेल्या डोळ्यांत उतरत होतं.

"तुझ्या बापानं बी इचारलं नव्हतं," ती म्हणाली.

दाराशी जीप आली. हरिचंदने आणि जीपवाल्याने बाज आणली. संतरामने डोळे पुसले आणि मायला उचलायला दोन्ही हात खाली घातले. तिने चाचपून ते ओळखले. रोज पहाटे धरायची तेच हात. तिने ते बाजूला सारले.

"तू नको," ती म्हणाली. "तू लाकूड बसव."

बाज जीपमध्ये चढवली. वैजनाथ आणि साधना तिच्या उशाशी बसले. जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली आणि अंगणात संतराम, रुख्मिणीबाई आणि उखडलेल्या फळ्या उरल्या.

रुख्मिणीबाई चराकडे पाहत होती. "मघाशी साधना बोलली मला," ती म्हणाली. "त्या बाभळीला हात लावायला भाऊजी भेत व्हते. आत्याबाईच म्हनल्या म्हने, आनखी काय करायचं तिचं? तिच्यावर पाय देऊन चालते मी. आन् तुमाला कोणी सांगायचं न्हाई, सोता चालून दाखवणार म्हनल्या."

संतरामने एक फळी उचलली. तिची एक कड आरीने चिरलेली, खरबरीत होती. दुसरी रंध्याने गोल केली होती, आणि इतकी घासली होती की तळहाताला कुठे कुसळही लागत नव्हतं. मोबाईलवर पाहून पाहून शिकलेल्या कारकुनाने, मायच्या पायासाठी. संतराम फळी उराशी धरून ढसाढसा रडला. बायकोसमोर रडायची त्याची ही पहिलीच वेळ, आणि तिनेही त्याला गप्प केलं नाही.

मग तो लंगडत ओसरीपर्यंत गेला. चप्पल काढली, डोळे मिटले आणि पायरीवरून पाऊल खाली सोडलं. लाकूड लागलं. त्या कडेला पाय लावून तो चालला. तीन-चार पावलांत त्याची भीतीही गेली. पुढे चर आहे हे त्याला माहीत होतं, तरी पाय लाकूड शोधत पुढे गेला आणि खाली गेला. तो हातांवर पडला, मायच्या रक्ताने ओल्या झालेल्या मातीत. तिथंच बसून त्याने चर साफ करायला घेतला.

दिवस मावळताना फोन वाजला. पडद्यावर वैजनाथचं नाव होतं. मातीचे हात सदऱ्याला पुसून त्याने फोन कानाला लावला.

"दादा," वैजनाथचा आवाज आला. पोळ्यानंतर असा सरळ त्याने पहिल्यांदाच फोन केला होता. "डॉक्टर नांदेडला न्या म्हणून राहिले. खुब्याचं आपरेशन हाय. चालता येईल का न्हाई, सांगत न्हाईत."

संतरामने हातातली फळी खाली ठेवली.

"माय शुद्धीवर हाय. इचारून राहिली, लाकूड बसवलं का म्हून."

"बसवून राहिलो."

 मागे कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा आवाज आला.

"गोल बाजू वर घे," वैजनाथ म्हणाला.

"तशीच घेतली," संतराम म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने सळईवर हातोडा उचलला.