चिखलातले कंद

"जाऊबाई, हा खडा आहे," धाकटी जाऊ हळूच म्हणाली आणि थोरलीच्या टोपलीतून उचलून तिनं तो लांब फेकला. सकाळपासूनचा हा चौथा.

"चिखलच तसला आहे यंदा," थोरली म्हणाली.

चिखल बिचारा दरवर्षीसारखाच होता. तळ्यात लव्हाळ्याच्या जातीचं गवत लावायचं, पाती वाळली की पाणी गुडघ्याखाली उतरवायचं आणि बुडाशी धरलेले सुपारीएवढे गोड कंद पायाच्या बोटांनी चाचपून काढायचे, ही इथली रीत. कुदळ लागली की कंद चिरतो, चिरला की सडतो. या कामात थोरलीचा हात, म्हणजे खरं तर पाय, धरणारं कुणी नव्हतं. "काकूंच्या पायांना डोळे आहेत," असं मुकादम नव्या बायकांना सांगायचा. एकतीस वर्षं हे ऐकून तिला थोडा तोराही चढला होता, आणि तो तिला शोभायचा.

गेल्या वर्षी आधी पायाच्या करंगळ्या बधिर झाल्या, मग बाकीची बोटं, मग टाचेपर्यंत सगळे तळवे. दुखत-खुपत काही नव्हतं, नुसतं कळेनासं झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बांधावर म्हाताऱ्यांच्या रांगेत कंद सोलायला बसवलं असतं. तिथं तिला बसायचं नव्हतं. आपण घाबरायला हवं, हे तिला समजत होतं, पण भीतीसुद्धा नीट येत नव्हती.

धाकटीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आपले दोन ओंजळी कंद तिच्या टोपलीत ओतले.

"हे काय गं?"

"गप्प बसा. मला हे काम शिकवलं कुणी?"

थोरलीला भरून यायला हवं होतं. आलं नाही. ती म्हणाली, "तेव्हा तू बेडूक दिसला तरी किंचाळायचीस." दोघी हसल्या.

मुकादम टोपल्या बघत बांधावरून आला. "वा काकू! भरलीसुद्धा? बघा गं नव्यांनो, शिका जरा." मग त्याचा आवाज उतरला. "इथलं पाणी लाल का दिसतंय?"

बाकीच्या साऱ्याजणी आपापले पाय वर काढून पाहू लागल्या.

"काच असेल," थोरली म्हणाली. "कुणाला लागलं? नीट बघा गं."

धाकटी खाली वाकली. पाण्यात हात घालून तिनं थोरलीची टाच घट्ट दाबून धरली.

थोरली शेजारणीच्या पायांकडे बघत होती. "अगं, बोलत का नाही कुणी? लागलंय कुणाला?"