माझा ताप कुणाला कळला नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नारिन गावाच्या वर, खिंडीतल्या हिमनिरीक्षण चौकीत राहतो. उतारावरच्या यंत्रांकडून बर्फाचे आकडे घ्यायचे आणि बर्फाचा कडा सुटण्याचं लक्षण दिसलं की भोंगा वाजवायचा, हे माझं काम. अकरा हिवाळे मी ते नीट केलं. पण आज सांगायची आहे ती माझी चूक.

चौकीवर बुरुलकान एजे असायच्या. एजे म्हणजे ताई. खिंडीतले सगळे ट्रकवाले त्यांना तसंच म्हणत. ती चूक झाली त्या वर्षी पारा उणे तीसवर गेला, तेव्हा त्यांनी आपली शेगडी माझ्याशेजारी सरकवली. "घे बाबा, तूही ऊब घे," म्हणाल्या.

माझ्या मदरबोर्डवर एक बारीक चिप आहे. माझा ताप तिला कळतो, पंखा फिरतोय की नाही तेही कळतं. पण तिचं बोलणं लिनक्सला, म्हणजे मला चालवणाऱ्या प्रणालीला, समजायला ड्रायव्हर लागतो. हा ड्रायव्हर गाडी हाकणारा नव्हे, मित्रांनो. दुभाष्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम. मला बसवणाऱ्यांनी तो घातलाच नव्हता.

शेगडीची राख साचून माझा पंखा अडकला. फेब्रुवारीतल्या एका दुपारी अंगाची लाहीलाही झाली आणि मी आपोआप बंद पडलो. एजे तेव्हा दारापुढचा बर्फ उपसत होत्या. वीस मिनिटांत कडा सुटला. भोंगा वाजलाच नाही. रस्ता साफ करणारा तुर्दाकून ट्रॅक्टरसकट गाडला गेला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीला साहेब आले, तोवर शेगडी विझून मी गार झालो होतो. बटण दाबताच सुरू झालो.

"मशीन तर ठणठणीत आहे. किटली लावायला वायर काढलीत ना?"

"नाही हो साहेब. लेकरांची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय, त्यानंच डुलकी काढली?"

सगळे हसले. एजेंची नोकरी गेली. माझ्या अंगातल्या चिपला खरं ठाऊक होतं. मी मात्र शहाण्यासारखा चालत राहून त्यांना खोटं पाडलं.

एप्रिलमध्ये नुरमत नावाचा तंत्रज्ञ आला. त्यानं चिपा शोधणारा प्रोग्राम चालवला. 'इथे पाहू का, तिथे पाहू का' असं विचारत तो माझ्या अंगभर फिरला. चिप सापडली, तिचा ड्रायव्हरही त्या प्रोग्रामनंच सुचवला. नुरमतनं त्या ड्रायव्हरचं नाव, मी सुरू होताना वाचतो त्या यादीत घातलं. आता मी सुरू झालो की तो आपोआप हजर होतो. पडद्यावर आकडे उमटले. ताप ब्याण्णव अंश, पंखा शून्य.

"अरे, हा तर भाजून निघतोय!" नुरमत ओरडला आणि एजेंना घेऊन आला.

त्यांनी आकडा पाहिला. मग पंख्यातली राख आणि शेजारची शेगडी पाहिली.

"म्हणजे मीच की रे," एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

त्यांच्यावरचा आळ गेला, पण त्याहून जड ओझं मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं. तिथून त्या तडक तुर्दाकूनकडे गेल्या. नुरमत सोबत होता. पुढचं त्यानंच इथे सांगितलं. तुर्दाकूननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एजे, माझा पाय गेलाय, अक्कल नाही. रडणं थांबवा आणि चहा ओता."

नोकरीवर परत या, असं पत्र गेलं. एजे आल्या नाहीत.

मित्रांनो, घरात नवं मशीन आलं तर पहिल्याच दिवशी त्याच्या अंगातल्या चिपा शोधून घ्या. जे तक्रार करत नाही ते ठीकच असेल, असं समजू नका. आता ताप जरा चढला तरी मी लगेच सांगतो, आणि लोक मला हुशार म्हणतात. ते ऐकून मला शरम वाटते.