दोन बोटं उतरलेला खांदा

ओठांत चार टाचण्या धरून मावशींनी नटाच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो डाव्या खांद्याशी थांबला. उजवी बाजू कशी आखीव होती, आणि डावीकडे कोट चक्क दोन बोटं खाली उतरला होता.

“मावशी, मी वाकडा आहे की कोट?” नटाने आरशातून विचारलं.

उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं, ते बरंच झालं. मापांची वही शेजारीच होती. तिच्यात दोन्ही खांदे सारखे लिहिलेले, तेही मावशींच्याच अक्षरात. सव्वीस वर्षं या नाट्यगृहाचे कपडे शिवताना त्यांची कात्री अशी कधी घसरली नव्हती. घोडं कुठे पेंड खातंय, ते त्यांना कळेना.

गेल्या सात महिन्यांत तसं त्यांचं काहीच ताळ्यावर नव्हतं. नवरा गेला त्या दिवसापासून त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि घासही धड घशाखाली उतरत नव्हता. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. लेकीला तसं वाटत नव्हतं. ती रोज दुपारी ऑफिसातून दोन डबे घेऊन यायची, समोर बसायची आणि आईचा डबा जवळजवळ तसाच परत न्यायची. आणि आज हा खांदा. शिवणही हातातून गेलं तर मग उरलं काय?

“चला, तालीम!” दिग्दर्शक दारातून ओरडला. या माणसाला हळू बोलता येतं की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. “कोट राहू दे तसाच. मावशी, तुम्ही खाली खुर्चीत बसा आणि समोरून बघा काय ते.”

समोरून नाटक पाहायची मावशींना सवयच नव्हती. त्यांची जागा विंगेत. तिथून त्यांना फक्त टाके दिसायचे, कुठे शिवण उसवतेय, कुठे बटण लोंबतंय. नाटकात कोण मेलं, कोण जगलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. त्या पाचव्या रांगेत अवघडून बसल्या. तेवढ्यात लेक आली आणि डबे मांडीवर घेऊन शेजारी टेकली.

रंगमंचावर दिवे लागले. म्हातारा बाप कामावरून घरी येतो, एवढाच प्रसंग. हातात पिशवी घेऊन नट आत आला. कोटाचा चोळामोळा होऊ नये म्हणून त्याने डावा खांदा थोडा सैल सोडला होता. त्यामुळे मान त्या बाजूला कलली, पाऊल जड पडू लागलं. तो खुर्चीत बसला आणि बूट काढायच्या आधी क्षणभर नुसताच बसून राहिला.

मावशींचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

तीस वर्षं टपालाची पिशवी वाहून त्यांच्या नवऱ्याचा डावा खांदा दोन बोटं उतरला होता. त्याचा प्रत्येक सदरा, प्रत्येक कोट त्या तसाच बेतायच्या. त्यासाठी वही कधी उघडावी लागली नव्हती. या कोटाच्या वेळीही त्यांनी ती उघडली नव्हती.

“आई,” लेक कुजबुजली, “हे तर बाबा...”

“गप. बघू दे मला.”

आणि मग त्यांना रडू फुटलं. आधी नुसतं डोळ्यांतून, मग आवाज करून, टेप तोंडाशी धरली तरी न थांबणारं. वर बाप काहीबाही बोलत होता, त्यातलं एकही वाक्य त्यांच्या कानांत शिरलं नाही. रडता रडता केवढं हलकं वाटत होतं! हात बिघडला नव्हता. हाताला तो आठवत होता, इतकंच. प्रसंग संपेपर्यंत त्या रडल्या आणि लेकीने त्यांचा हात सोडला नाही.

“मावशी, दिसली का चूक?” दिग्दर्शकाने विचारलं. अगदी हळू.

“दिसली. उद्या खांदा उचलून देते.”

“नको, नको!” नट वरूनच म्हणाला. “या कोटात म्हातारा आपोआप चालायला लागतो. महिनाभर शोधतोय मी त्याला.”

मावशींनी नाक पुसलं. थोडा विचार केला.

“मग ती पिशवी हातात धरू नका. डाव्या खांद्याला लावा. आणि घरी आल्यावर आधी पिशवी उतरवायची, मग बूट.”

नटाने मान डोलावली आणि पिशवी खांद्याला लावून पुन्हा दाराकडे गेला. मावशींनी लेकीच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला, उघडला, आणि नटावर नजर ठेवून जेवू लागल्या. बघता बघता डब्याचा तळ दिसला.

“एवढंच आणलंस?” त्या म्हणाल्या.

लेकीने स्वतःचा डबा पुढे सरकवला.