समोरच्या कडुनिंबावरचा शिक्रा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी शालिनी रोज बाल्कनीत पाखरांसाठी बाजरी टाकायची. एका सकाळी समोरच्या कडुनिंबावरून एक पक्षी झपकन आला आणि दाणे टिपणारा होला उचलून घेऊन गेला. तिची सात वर्षांची मुलगी रेवती खूप रडली. तेव्हापासून ती बाल्कनीत पाऊल ठेवेना.

शेवटी शालिनीने फांद्या छाटणाऱ्यांना बोलावले. "भैया, ऊपर बाज का घोंसला है, पूरी डाल काट दो!" ती बाल्कनीतून ओरडली.

ते ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक बळवंतकाका दुर्बीण घेऊन खाली आले.

"शालिनी, कोणाचं घर पाडतेस ते पाहिलंस तरी का?"

"खुनी आहे तो, काका!"

"अच्छा! आणि रविवारी आयएनए मार्केटमधली सुरमई आपल्या पायांनी तुझ्या घरी येते वाटतं?"

शालिनीला हसू आले, पण तिने ते दाबले. "माझी मुलगी घाबरलीय हो."

"मग तिलाच दाखवू. दहा मिनिटं थांबव त्यांना."

शालिनीने माणसांना थांबायला सांगितले. रेवती दाराच्या पडद्याआडच उभी राहिली. काकांनी तिथेच तिच्या डोळ्यांना दुर्बीण लावली.

"केवढा आहे गं?"

"कबुतराएवढाच! छातीवर तांबूस पट्टे आहेत, आडवे. डोळे नारिंगी... काका, तो गुस्सा आहे!"

"रागावली नाही ती, डोळेच तसे आहेत. हा बाज नव्हे, शिक्रा. ही मादी. पंख आखूड, शेपूट लांब, म्हणून झाडाझाडांतून वळता येतं तिला. उंदीर, सरडे, कधी पाखरंही खाते."

"आई, सरडाच आहे! छोटे छोटे तुकडे करून पिल्लांना भरवतेय. तू मला भरवायचीस ना, तसं!"

शालिनीने दुर्बीण घेतली. कापसासारखी दोन पांढरी डोकी, उघडलेल्या चोची. एका पिल्लाच्या चोचीतून घास निसटला. आईने तो उचलला आणि पुन्हा पुढे धरला.

अरे देवा, काय करायला निघालो होतो आपण!

"भैया, रहने दो," शालिनी म्हणाली.

"आणि होला?" रेवतीने विचारले.

"त्याचं वाईट वाटणारच, बेटा," काका म्हणाले. "वाटू दे. पण उघड्यावर दाणे टाकून आपणच त्याला संकटात लोटलं. जरा आडोशाला टाकूया."

रेवती पडद्याबाहेर आली. मायलेकींनी बाजरीची ताटली मोगऱ्याच्या कुंड्यांआड ठेवली.

मित्रहो, आपल्या दारच्या झाडावर कोण राहते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? भीती वाटली की आपण आधी कुऱ्हाड मागवतो. त्याआधी त्याचे नाव विचारा, तो कसा जगतो ते पाहा. एकदा ओळख झाली, की त्याचे घर तोडायला हात उचलत नाही.