पाण्यात टाकलेली उशी

नर्सबाईंनी इस्पितळात तीस वर्षं काढली होती, मरण अगदी उशाशी बसून पाहिलं होतं. पण समुद्रप्रवासात एकतीस दिवस जमीन दिसणार नाही, हे आठवलं की त्या रात्री उठून बसायच्या.

त्यांचे यजमान डिझेल इंजिनाचे मिस्त्री. भंगारात निघालेली मच्छीमार बोट घेऊन चार वर्षं त्यांनी तिच्यावर जीव ओतला होता. मासे साठवायच्या खणात आता दोन बिछाने आणि एक स्टोव्ह होता. रंगाचे तीन हात दिले, तरी मासळीचा वास काही हटला नव्हता.

मिस्त्रींनी नकाशावर पेन्सिलीची रेघ महासागराच्या पार नेली. "पाणी दुप्पट घेतलंय, डिझेल दुप्पट घेतलंय. आता कसली काळजी?"

"आपण दोघंच असणार. तुम्ही पाण्यात पडलात तर?"

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे पडायला?"

"पडलात तर?"

बाई हटेनात. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी बोट खाडीबाहेर काढली. मिस्त्रींनी एक तरंगणारी नारिंगी उशी पाण्यात भिरकावली आणि हाताची घडी घालून मुकाट बसले. "समज, ती उशी म्हणजे मी. मी बोटीवर नाही."

बाईंनी सुकाणू फिरवलं. बोट जडपणे वळली. वळेपर्यंत सगळ्या लाटा एकसारख्या दिसू लागल्या.

"अहो, कुठे आहे हो?"

त्यांनी मागे पाहिलं. मिस्त्री उभे राहून पाणी धुंडाळत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनाही उशी दिसत नव्हती.

ती सापडलीच नाही. दुसरी टाकली. ती एकोणीस मिनिटांनी हाती लागली.

"एवढा वेळ माणूस तग धरेल?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

बाईंनी पाण्यात हात बुडवून पाहिला. "इतक्या गार पाण्यात बोटं पाच-दहा मिनिटांत कामातून जातात. पुढचं विचारू नका."

धक्क्यावर परतल्यावर मिस्त्रींनी मेहुण्याला फोन लावला. तो जुना खलाशी. त्याची अखंड बडबड त्यांच्या डोक्यात जायची, म्हणून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

"भावोजी, तुम्ही? बोट बुडाली की काय?"

"येशील का आमच्याबरोबर?" मिस्त्रींनी विचारलं.

"ताई घाबरलीय?"

"मी घाबरलोय."

मेहुणा मोकळा होईपर्यंत निघणं दोन महिने पुढे ढकललं. तोवर धक्क्याला बांधलेल्या बोटीवरसुद्धा मिस्त्री कमरेला दोर अडकवूनच फिरत. शेजारच्या बोटींवरचे लोक फिदीफिदी हसत. बाई हसत नसत. रोज सकाळी त्या दोराची गाठ दोन्ही हातांनी ओढून बघत आणि मगच त्यांना वर जाऊ देत.